नवीन सॉकेटची जुनी कुरकुर

नवीन चप्पल चावते, नवीन दरवाजा कुरकुरतो, तसं नवीन बसवलेलं सॉकेटही चार दिवस आवाज करणारच, मग आपोआप ‘सेट’ होईल... असं मानणारी बरीच मंडळी आपल्या होस्टेलवर आहेत. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे इलेक्ट्रिकलचे आहेत! दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचं, तुटलेलं सॉकेट बघायचं, “इंजिनिअरिंगला आहेस ना, मग एवढं करत नाहीस?” हे घरच्यांचं वाक्य ऐकायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन सॉकेट आणायचं आणि अर्ध्या तासात बसवून मोकळं व्हायचं. इथपर्यंत सगळं ठीक. पुढे त्यातून ‘चर्र... चर्र...’ असा आवाज येऊ लागला की मात्र आपण कानावर हात ठेवतो. लाईट येतेय ना? मग झालं!

माझं म्हणणं एवढंच आहे की सॉकेट स्वतः बदलणं हा काही गुन्हा नाही, पण आवाज ऐकून गप्प बसणं हा नक्कीच आहे. घरी असो, नाहीतर होस्टेलवर. होस्टेलवर तर जास्तच, आणि त्याला आपल्याइतकीच आपली व्यवस्थाही जबाबदार आहे. त्याबद्दल पुढे येतोच.

आधी तो आवाज म्हणजे काय ते बघू. हे आपल्याला सेकंड इयरपासून कुणी ना कुणी शिकवतं, पण फळ्यावर. चांगल्या घट्ट जोडणीचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की हिशोबात धरत नाहीत. सैल जोडणीत वायर आणि पितळी टर्मिनल यांचा स्पर्श दोन-चार टोकांवरच होतो. समजा तिथे अर्धा ओहम तयार झाला. अर्धा ओहम म्हणजे काय मोठंसं? व्हायवात कुणी विचारलं तर आपण ‘निग्लिजिबल’ म्हणून मोकळे होऊ. आता या सॉकेटवर १५०० वॅटची पाणी तापवायची कांडी लावा. २३० व्होल्टला करंट झाला साडेसहा अँपिअर. साडेसहाचा वर्ग साधारण बेचाळीस, त्याचे निम्मे एकवीस. म्हणजे एकवीस वॅट उष्णता त्या एका स्क्रूच्या टोकाशी! आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधली सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते. म्हणजे भिंतीतल्या त्या बंद डबीत, वायरच्या प्लास्टिकला चिकटून, आपण एक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवली आहे आणि बाहेरून छान पांढरं कव्हर लावलं आहे.

बरं, एमसीबी का पडत नाही? हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. “एमसीबी बसवलाय रे नवीन, काही झालं तर पडेल की!” अरे बाबा, एमसीबी बघतो तो जादा करंट. सैल जोडणी ही लोडच्या सिरीजमध्ये असते. तिच्यामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. कांडीने घ्यायचा तेवढाच करंट घेतला, एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. आरसीसीबी असेल तर तो बघतो गळती, म्हणजे फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का एवढंच. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला तर तो पडणार. इथे गळती कुठे आहे? गेला तेवढा परत आला. दोन्ही पहारेकरी जागे आहेत, पण चोर त्यांच्या खात्यातला नाही. आर्क ओळखणारे ब्रेकर असतात. अमेरिकेत १९९९ च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये झोपायच्या खोल्यांसाठी त्यांची अट घातली गेली आणि ती २००२ पासून लागू झाली. आपल्याकडच्या साध्या घरात ते दिसत नाहीत. तेव्हा आपल्याकडे आर्क ओळखायची यंत्रं दोनच, कान आणि नाक. तीही आपण वापरणार नसू तर मग कठीण आहे.

आणि ही जोडणी ‘सेट’ वगैरे काही होत नाही. तापते तेव्हा तांबं आणि पितळ पसरतं, गार होते तेव्हा आकसतं. रोज सकाळी पाणी तापवलं की हा खेळ एकदा. प्रत्येक वेळी स्क्रूची पकड थोडी ढिली. तापलेल्या तांब्यावर काळपट थर चढतो, त्या थराने रेझिस्टन्स आणखी वाढतो, म्हणून ते आणखी तापतं. सॉकेटच्या आत पिनला धरणारी जी पितळी पाती असतात त्यांचा ताणही तापून जातो. सुरुवातीचा आवाज नंतर बंद झाला म्हणून खूश व्हायचं कारण नाही. कधी कधी ठिणगी पडणं थांबतं आणि ती जागा नुसती लाल होऊन तापत राहते, अजिबात आवाज न करता.

आता एक खरा किस्सा. माझा एक मित्र बार्शीचा, आमच्याच वर्गातला. त्याने सुट्टीत घरच्या ओट्याजवळचं सॉकेट बदललं. काम व्यवस्थित केलं होतं हो, मेन बंद करून, टेस्टर लावून. मिक्सर चालला, सगळे खूश. दोन दिवसांनी रात्री अकराला त्याचा फोन.

“अरे, ते सॉकेट चरचरतंय.”

“काय लावलंयस त्याला?”

“काहीच नाही! रिकामं आहे. बटणही बंद आहे. कधी येतो आवाज, कधी जातो. आज्जी म्हणतेय पाल आहे आत.”

इथे थांबून जरा विचार करा. सॉकेट रिकामं, स्विच बंद. सॉकेटमधून करंट जातच नाही. मग आवाज कशाचा? ओल असेल का? भिंतीला पाझर असला तर बोर्डात ओलावा धरतो आणि फेज-न्यूट्रलच्या मधल्या प्लास्टिकवरून करंट सरपटू लागतो, त्याचा ‘स्स्स’ असा आवाज येतो. पावसाळ्यात हा प्रकार जुन्या इमारतींत असतो. पण त्याची भिंत कोरडी खडखडीत. त्याच बोर्डावर पंख्याचा रेग्युलेटर आहे का, ते विचारलं. कारण इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून कापून पुढे देतो आणि त्यातलं गुंडाळं गुणगुणतं. बरेच लोक तो आवाज सॉकेटचा समजतात. रेग्युलेटरही नव्हता.

कोडं सोडवलं ते त्याच्या आईने. काकू मागून म्हणाल्या, “फ्रीज घुरघुरायला लागला की हेही सुरू होतं बघ. फ्रीज गप्प, की हे गप्प.” एवढं निरीक्षण आम्हा दोघांनी मिळूनही केलं नव्हतं!

फ्रीज कुठे आहे? बाहेर पॅसेजमध्ये, वेगळ्या पॉइंटवर. मग लक्षात आलं. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये प्रत्येक पॉइंटला मेनपासून वेगळी वायर कुणी ओढत नाही. न्यूट्रल एका सॉकेटवर येते आणि त्याच स्क्रूखालून दुसरी वायर निघून पुढच्या पॉइंटला जाते. याला लूप घेणं म्हणतात. म्हणजे ओट्याजवळचं सॉकेट रिकामं असलं तरी फ्रीजचा सगळा करंट त्याच्या न्यूट्रलच्या स्क्रूमधून जात होता. फ्रीजचा कॉम्प्रेसर थर्मोस्टॅटप्रमाणे चालू-बंद होतो आणि सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. म्हणून आवाज येणार-जाणार, आणि सुरुवातीला जोरात.

सकाळी मेन बंद करून त्याने बोर्ड उघडला तर तसंच होतं. जुन्या वायरमनने दोन्ही न्यूट्रल वायरींचे पीळ एकत्र घालून मग स्क्रूखाली घेतले होते. मित्राने त्या सोडवताना पीळ उलगडला आणि दोन वायरी शेजारी शेजारी खुपसून स्क्रू आवळला. त्यातली एक जाड एकेरी तार, दुसरी बारीक तारांची. स्क्रू टेकला जाड तारेवर. बारीक वायर बाजूला नुसती आरामात उभी! तिच्या टोकाला दोन तारा काळ्या पडलेल्या, प्लास्टिक थोडं तपकिरी. काळा भाग कापून टाकला, वायर नव्याने सोलली, दोन्हींचा पीळ घातला, स्क्रू आवळला, एकेक वायर ओढून बघितली. आवाज बंद.

“न्यूट्रलच तर होती,” असं तो नंतर म्हणाला. हे वाक्य मला आवडत नाही. लूपमधली न्यूट्रल पूर्ण सुटली असती, तर फ्रीजच्या मोटारीतून फिरून पलीकडची न्यूट्रल फेजसारखी जिवंत झाली असती. टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत पेटतो, असं कधी पाहिलं असेल तर ते हेच. त्या वेळी ‘फ्रीज बंद आहे, म्हणजे लाईट नाही’ असं समजून जो हात घालेल त्याचं काही खरं नाही.

या किश्श्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की आवाज कधी येतो हे विचारलं की अर्धं काम होतं. लोड लावल्यावरच येतो का? तेच उपकरण दुसऱ्या सॉकेटवर लावलं तरी येतो? मग दोष त्या उपकरणात किंवा त्याच्या पिनमध्ये असू शकतो. एकाच सॉकेटवर कुठलंही उपकरण लावलं तरी येतो? मग सॉकेट. सलग ‘हूं...’ असा येतो का? बहुतेक तो चार्जर, चोक किंवा ट्रान्सफॉर्मरचा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, पण चुंबकाची ओढ एका आवर्तनात दोनदा येते, म्हणून लोखंड शंभर हर्ट्झने थरथरतं. सहसा तो त्रासदायक असतो, धोकादायक नसतो. आणि लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर चालू सॉकेटमध्ये घातला की एकदाच ‘टक्’ होऊन बारीकशी ठिणगी दिसते, ती आतला कपॅसिटर भरतानाची. ती एकदाच. आधी पिन, मग बटण, असा क्रम ठेवला तर तीही दिसत नाही. पण तुटक, तळल्यासारखा, कधी वाढणारा कधी कमी होणारा ‘चर्रर्र’, आणि त्यासोबत मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास, कव्हर हाताला कोमट... इथे चर्चा संपली. मेन बंद.

मेन बंद म्हणजे मेनच बंद, सॉकेटचं बटण नव्हे. कारण बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर हे तुम्हाला माहीत नाही. जुन्या घरांत, आणि खरं सांगायचं तर काही नवीन इमारतींतही, बटण न्यूट्रलला टाकलेलं मी स्वतः बघितलं आहे. बटण बंद, तरी सॉकेटमध्ये फेज हजर! एमसीबी पाडून त्यावर चिकटपट्टी लावा आणि घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगा, नाहीतर धाकटा भाऊ “लाईट का गेली?” म्हणत वर करून येतो. टेस्टर आधी जिथे वीज आहे तिथे लावून बघायचा, मग आपल्या सॉकेटवर, मग पुन्हा पहिल्या जागी. टेस्टरचा दिवा मध्येच गेला असेल तर तो खोटं बोलत नाही, नुसता गप्प बसतो. आणि आपण ते गप्प बसणं म्हणजे ‘वीज नाही’ असं वाचतो.

बोर्ड उघडल्यावर बघायच्या गोष्टी फार नाहीत. माझ्या अनुभवात नव्याने बसवलेल्या सॉकेटमध्ये चार-पाच प्रकारच सापडतात. वर सांगितलेला जाड-बारीक वायरींचा संसार हा एक. दुसरा, वायर कमी सोलल्यामुळे स्क्रू तांब्याऐवजी वरच्या प्लास्टिकवर आवळलेला. हाताला घट्ट लागतो, पण आत स्पर्श नावालाच. तिसरा, पक्कडीने सोलताना निम्म्या तारा कापून गेलेल्या. चौथा आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा खास: वायरच्या टोकाला सोल्डर लावून ती स्क्रूखाली घेणे. दिसायला फार सुबक! पण सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांनी तोच स्क्रू ढिला सापडतो. पीसीबीला सोल्डर, स्क्रूला उघडं तांबं. जुन्या घरातली अ‍ॅल्युमिनियमची वायर तर या बाबतीत आणखी वाईट, ती दाबाखाली सरकतेही आणि तिच्यावर थरही लवकर चढतो. तिथे आपण हात न घालता जाणता वायरमन बोलवावा हे बरं.

आणखी एक, समोरून बघताना अर्थ वर ठेवला की फेज उजव्या हाताला, न्यूट्रल डावीकडे. पण जोडणी आपण मागून करतो, तेव्हा उजवं-डावं उलटतं! सॉकेटच्या पाठीवर अक्षरं कोरलेली असतात ती वाचायची, पाठांतरावर जायचं नाही. उलटं जोडलं म्हणून आवाज येत नाही, पण उघडलंच आहे तर तेवढं बघून घ्यावं. आणि अर्थची वायर ‘सापडली नाही म्हणून’ तशीच सोडून द्यायची नाही. काळवंडलेलं सॉकेट पॉलिश पेपरने घासून परत बसवणं हा काटकसरीचा प्रकारही नको. आतल्या पात्यांचा ताण गेलेला असतो, तो घासून येत नाही.

कधी कधी दोष जोडणीत नसून निवडीत असतो. सहा अँपिअरचं सॉकेट आणि सोळा अँपिअरचं सॉकेट ही दोन वेगळी माणसं आहेत. १५०० वॅटची कांडी साडेसहा अँपिअर घेते, म्हणजे छोट्या सॉकेटच्या मर्यादेच्या आत्ताच पुढे. २००० वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ. बाजारात ‘दोन्ही चालतात’ म्हणून बारीक-जाड दोन्ही पिन घेणारी सॉकेट मिळतात. त्यातल्या हलक्या मालात बारीक पिन अनेकदा सैल बसते आणि मोबाईलचा चार्जर हलवला की आतून कुजबुज सुरू. पंधरा-वीस रुपये वाचवायची ही जागा नव्हे, आयएसआयचा शिक्का बघून घ्यावं.

मग इथे कुणी तरी म्हणणारच, “हे सगळं वायरमनचं काम, तुम्ही पोरांनी हात लावायचाच कशाला?” स्टाफमधल्या काही मंडळींचं हेच मत आहे आणि त्यांचा आदर ठेवून मी असहमत आहे. कायदाही एवढा कडक नव्हता. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम वाचा. परवानाधारक कंत्राटदाराशिवाय वायरिंगचं काम करू नये असं तो सांगतो, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि किरकोळ फिटिंग बदलायला त्यात सूट होती, मात्र बदलाने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. ही सूट पुढे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही आली. किती समंजस वाक्य आहे बघा! सहाच्या जागी सहाचं सॉकेट बसवा, तुमचं काम. सहाचं काढून तिथे सोळाचं बसवलंत, आणि मागची वायर तीच ठेवलीत, की क्षमता बदलली. ते तुमचं काम नाही. होस्टेलवर खोलीच आपली नाही, तेव्हा तिथे रेक्टरांना विचारल्याशिवाय बोर्ड उघडायचा नाही, हे मलाही मान्य.

पण मग विचारल्यावर काय होतं, तेही लिहितो. आपल्या होस्टेलवर तक्रार वही आहे. त्यात ‘पंखा फिरत नाही’, ‘ट्यूब लागत नाही’ अशा नोंदी भरपूर सापडतील. ‘सॉकेटमधून आवाज येतो’ ही नोंद मी चार वर्षांत एकदाही वाचली नाही. खोल्यांमध्ये आवाज मात्र भरपूर ऐकले! कारण उघड आहे. वायरमन काका आले की सॉकेट बघणार, सॉकेट काळं दिसलं की पहिला प्रश्न येणार, “काय रे, कांडी लावता का?” मग रेक्टर सर, मग झडती, मग दंड, मग घरी पत्र. त्यापेक्षा चरचरणाऱ्या सॉकेटवर गादी टेकवून झोपलेलं परवडलं, असा साधा हिशोब आहे. कांडी लपते, तिच्याबरोबर जळकं सॉकेटही लपतं. ज्युनिअर त्या खोलीत येतो तेव्हा त्याला वारसाहक्काने पलंग, कपाट आणि ते सॉकेट मिळतं.

कांडीला बंदी असावी की नसावी, यावर मी इथे वाद घालणार नाही. (असावी. बादलीत कांडी सोडून आंघोळीच्या रांगेत गप्पा मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण गरम पाणीही सकाळी सात वाजता संपू नये, हेही त्याच दमात लिहून ठेवतो.) माझं म्हणणं वेगळं आहे. कांडीचा दंड आणि सॉकेटची तक्रार या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडा. जो मुलगा स्वतः येऊन सांगेल की सॉकेट तापतंय, आवाज करतंय, त्याला त्या दिवशी कांडीबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. सॉकेट बदला, काम संपलं. झडती घ्यायची तर वेगळ्या दिवशी घ्या, हवी तेवढी घ्या. रेक्टर सरांना हे शिस्तीत ढील दिल्यासारखं वाटेल, पण दंडाचे पाचशे रुपये आणि लाकडी कपाटं, गाद्या, मच्छरदाण्या यांनी भरलेल्या मजल्यावरचा एक लाल तापलेला स्क्रू, यात कशाची काळजी आधी करायची हे त्यांना मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट आपल्या अभ्यासक्रमाची. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण लोखंडाचा तुकडा कानशीने घासून घासून चौकोनी केला, लाकडाचा सांधा केला. वायरिंगच्या नावाखाली जिन्याच्या दिव्याची दोन बटणांची जोडणी लाकडी फळीवर केली आणि जर्नलमध्ये आकृती काढली. ती आकृती सगळ्यांची सारखीच होती, का ते विचारू नका. पण वायर किती सोलायची, स्क्रू किती आवळायचा, आवळल्यावर ओढून का बघायचं, एका स्क्रूखाली दोन वायरी कशा घ्यायच्या, यातलं काही कुणी हातात धरून शिकवलं नाही. सिंक्रोनस मोटारचे व्ही-कर्व्ह काढता येतात, आणि घरचं सॉकेट चरचरलं की आयटीआयला गेलेल्या शाळासोबत्याला फोन लावतो! तो दहा मिनिटांत दोष काढतो, कारण त्याने दोनशे जळकी सॉकेटं उघडून बघितली आहेत. आपण एकही नाही.

आणि जळकी सॉकेटं काही विकत आणावी लागत नाहीत. वायरमन काकांच्या खोलीत एका पत्र्याच्या डब्यात ती पडलेली असतात, वर्षभराची. मी विचारलं तेव्हा काकांनी तो डबा टेबलावर उपडा केला आणि एकेक उचलून सांगत गेले: हे कांडीचं, हे इस्त्रीचं, हे प्लास्टिकवर स्क्रू बसलेलं, हे पोरांनी पिनऐवजी उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेलं. तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा. तास-दीड तास मी तिथे बसलो होतो, एकाही लेक्चरला इतका जागा राहिलो नसेन.

वर्कशॉपच्या सरांशी याबद्दल बोललो आहे. जुने सुटे बोर्ड त्यांच्याकडे आहेत, टेबलावर ठेवून उघडता येतील, वीज न जोडता. काका यायला तयार आहेत, फक्त दुपारी चारनंतर, कारण त्याआधी पंप बघायचा असतो. सर म्हणतात किमान पंधरा नावं आली तर शनिवारचा वेळ देतो. यादी मेसच्या बाहेरच्या बोर्डावर लावली आहे, आजपर्यंत त्यावर सहा नावं आहेत, त्यातली चार सिव्हिलची. स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर असेल तर घेऊन या, आणि खोलीतलं एखादं सॉकेट कोमट लागत असेल तर त्याचा खोली क्रमांक काकांना तिथेच सांगा.